पंधरा फुटांवरचा मासा

हा किस्सा सांगायचा म्हणजे माझी अब्रू मीच चव्हाट्यावर मांडायची. पण तुम्ही चहा पाजलाय, तर ऐका.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नाशिकरोडला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यामुळे पडदा आणि तारा असलेलं जगातलं कुठलंही यंत्र आपल्याला कळतं, असा माझा ठाम समज! मेहुण्याने दुबईहून मासे शोधायचं यंत्र आणलं. ते पाण्यात आवाज सोडतं, तो माशावर आपटून परत येतो, आणि किती वेळात आला त्यावरून मासा किती खोल आहे ते पडद्यावर चित्रासकट दिसतं. सोबत जाडजूड माहितीपुस्तक होतं. ते मी कशाला वाचतोय?

धरणावर मासेमारी करणारे लहानूमामा माझं जुनं गिऱ्हाईक. रविवारी दुपारी त्यांच्या मुलीला बघायला दहा-बारा पाहुणे येणार होते, आणि माशाचं कालवण करायचं ठरलं होतं. मामा नेहमी संध्याकाळी जाळी लावून पहाटे काढायचे. मी म्हटलं, उगाच जाळी कशाला भिजवता? सकाळी यंत्र घेऊन येतो, अर्ध्या तासात काम. बिचाऱ्यांनी ऐकलं हो माझं!

सकाळी होडीच्या मागच्या टोकाला यंत्राची तार पाण्यात सोडली. तिथेच मामांनी नांगराचा दगड टाकला. पडद्यावर काही नाही. म्हटलं, पुढे चला. मामा दगड ओढून होडीत घेऊ लागले, तर मीच अडवलं. परत टाकायचाच आहे ना? राहू द्या अर्धवट लटकत, वेळ जातो.

आणि काय सांगू, लगेच मासा! पंधरा फुटांवर! त्याच्यामागे दुसरा, तिसरा, रांगच लागली. सगळे उजवीकडून येऊन डावीकडे सरकत होते. मी मामांना होडी डावीकडे घ्यायला सांगितलं. मासे अजून डावीकडे. मग आम्हीही अजून डावीकडे. दोन तास आम्ही एकाच पाण्यात गोल फिरत होतो! फेकजाळ्यात आलं काय? शेवाळ आणि एक चप्पल.

वल्हं थांबवून मामा म्हणाले, "भाऊ, मासा असा एकाच खोलीला ऱ्हात नाय. वर-खाली व्हतोच."

मी चिडलो. यंत्राला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, असं चक्क बोलून गेलो. काठावरून मामी तिसऱ्यांदा हाक मारत होत्या. मसाला कधीच वाटून झाला होता.

मामा दगडाची दोरी ओढू लागले. पडद्यावर मासा दहा फुटांवर आला. मग सहा. मी होडीत उभाच राहिलो.

"मामा, वर येतोय! टाका जाळं!"

मामांनी दगड उचलून होडीत ठेवला. पडदा कोरा.

"आला बघा वर," मामा म्हणाले. "मामीकडं देऊ का साफ कराया?"

पुस्तक मी तेव्हा उघडलं. पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ता होडीखाली काय आहे ते. डावीकडे सरकतं ते सगळं होऊन गेलेलं! एकच वस्तू खाली लटकत राहिली की तीच पुन्हा पुन्हा उमटते आणि रांग दिसते. हे कुठे लिहिलं होतं? तिसऱ्या पानावर!

पाहुण्यांना पिठलं वाढलं. माझ्यामुळे पोरीचं मोडतंय की काय, अशी मला धास्ती. मुलाच्या वडिलांनी विचारलंच, धरणाकाठी राहता आणि मासा कसा नाही? मामांनी घडलं ते सगळं शांतपणे सांगितलं. ते गृहस्थ इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी होकार दिला.

महिन्याभराने दुकानात लग्नपत्रिका आली. तळाशी नेहमीची छापील ओळ होती, 'कृपया आहेर आणू नये.' त्यातल्या 'आहेर'वर काट मारून मामांनी पेनाने लिहिलं होतं, 'यंत्र'.