कोरसात आधी कोण शिरलं

हेडफोनसाठी मी सात महिने थांबले. लग्नासाठीसुद्धा एवढी थांबली नव्हतीस, असं आई म्हणते, आणि ते खरं आहे. पण हे हेडफोन दुकानात टांगलेले मिळत नाहीत. हाताने बनवणारे चार-पाच कारागीर कुठेतरी बसलेले असतात, ते तुमचं नाव यादीत लिहून घेतात आणि मग तुम्हाला विसरून जातात. मी मात्र विसरणाऱ्यातली नाही. बेळगावच्या एका कॉलेजात मी वीसेक वर्षं मुलांना भौतिकशास्त्र शिकवते, आणि त्यातला ध्वनीचा धडा मी कुणालाही घेऊ देत नाही. चांगल्या आवाजाचं वेड मला नोकरीच्या कितीतरी आधीपासून आहे.

शेवटी पार्सल निघालं आणि हुबळीला येऊन बसलं. तीन दिवस घोडं तिथेच पेंड खात होतं. मी कुरिअरवाल्याला रोज कन्नडमधून फोन करायचे, पहिल्या दिवशी गोड, दुसऱ्या दिवशी कमी गोड. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "मॅडम, आत औषध आहे का?" मी बेधडक हो म्हणाले. चौथ्या दिवशी सकाळी पार्सल दारात. खोटं बोलल्याचं वाईट वाटलं, पण फार नाही. किमतीच्या बाबतीतही मी घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

काय सांगू, वस्तू देखणी होती! लाकडी वाट्या, मागून जाळीच्या, कातड्याचा पट्टा, आणि आत केसाहून पातळ पडदा. त्या संध्याकाळी मी ओळखीच्या चार मैफली लावून बसले. तबलजीने मध्येच बोटांना पावडर लावून हात झटकले, ते ऐकू आलं. गाणाऱ्या बाईंनी समेवर येण्याआधी गिळलेला आवंढा ऐकू आला. ही मैफल मी शंभर वेळा तरी ऐकली असेल, आणि तो आवंढा मला कधी भेटला नव्हता. मी एकटीच हसत होते. एखादी वस्तू तिच्याकडून मागितलेलं सगळं देते आणि वर आपल्याला न सुचलेलंही देते, तेव्हा तिच्या कारागिराचे हात धरावेसे वाटतात. मला तसं वाटलं.

पण चांगल्या रेकॉर्डिंगवर हेडफोन चांगला वाजला, तर त्यात त्याची बढाई कसली? खरा कस लागतो तो वाईट रेकॉर्डिंगवर, आणि तेही आपल्याला पाठ असलेल्या. माझ्याकडे असं एकच आहे. आप्पांच्या गायन पार्टीची कॅसेट.

आप्पा, म्हणजे माझे वडील, निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते आणि आई घरी विड्या वळायची. दिवसभर तंबाखूची धूळ नाकातोंडात गेलेली ही माणसं संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या विहारापुढे जमायची आणि भीमगीतं बसवायची. पुढे एक गाणारा, मागे कोरसला पाच जण. जयंतीच्या दिवसांत त्यांना चिक्कोडीपासून पार संकेश्वरपर्यंत बोलावणं असायचं. एका वर्षी मंडपवाल्याच्या पाहुण्याने आखातातून एक मोठा टेपरेकॉर्डर आणला, दोन माइकचा, आणि त्यावर पार्टीचा अख्खा कार्यक्रम भरून घेतला. तेव्हा मी बालवाडीत होते. पार्टीचं तेवढंच एक रेकॉर्डिंग आहे.

त्या कॅसेटमध्ये शेवटच्या गाण्यात एक घोटाळा आहे. पुढचा गाणारा शेवटची ओळ ताणतो, लांबवतो, आणि तो जागेवर आला की मग कोरसने उचलायचं. पण कोरसातला एक जण तो यायच्या आधीच शिरतो. फक्त एक शब्द, पण पार्टीचं नाक कापायला तेवढा पुरला. कार्यक्रम संपल्यावर पुढच्या गाणाऱ्याने गावकऱ्यांसमोर खापर फोडलं ते आप्पांच्या दोस्तावर. दोघे कोरसात खांद्याला खांदा लावून उभे असायचे आणि दोघांचे आवाज सख्ख्या भावांचे वाटावेत असे. पण दोस्त पडले उतावळे. जेवायला, चालायला, बोलायला, सगळ्यातच घाई. आप्पा म्हणजे संथ. मग आधी कोण शिरलं असणार, यावर कुणाला विचार करावा लागला नाही.

त्या दोस्तांनी, मी त्यांना काकाच म्हणते, पार्टी सोडली. पुढे ते सासरी, सदलग्याला गेले आणि तिथे सायकलीचं दुकान टाकलं. गाणं मात्र पुन्हा कुणी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. लग्नाच्या पंगतीत भेटले की मंडळी ओरडायची, "ह्यास्नी आदी वाढा रं, हे आदीच घुसत्यात!" काका पानात बघून हसायचे. आप्पाही हसायचे. मीही हसलेली आहे.

शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी हेडफोन, लॅपटॉप आणि छोटा अॅम्प्लिफायर घेऊन निपाणीला गेले. कॅसेट मी पूर्वीच लॅपटॉपवर उतरवून ठेवली होती. आईने हेडफोन उलटसुलट करून बघितला. या हेडफोनचा आवाज मागच्या जाळीतून बाहेरही येतो, कारण पडद्याला मोकळी हवा लागते. हे मी तिला नीट समजावून सांगितलं.

"म्हंजे गळका हंडा आणलीस," आई म्हणाली. "त्यो बी एवढे दिवस थांबून!"

आप्पांना मी खुर्चीत बसवलं आणि हेडफोन कानांवर ठेवला. ते आता पंचाहत्तरीला आले आहेत. या वयात वरचे बारीक स्वर कानांना लागत नाहीत, पण माणसाचा आवाज लागतो. मला त्यांची गंमत बघायची होती, एवढंच. आणि खरं सांगायचं तर, माझ्या हेडफोनचं कौतुक माझ्या बापाच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मागं पिंपळ हुता. त्याची पानं वाजाय लागल्यात."

मी हेडफोन घेऊन ऐकलं. जिला मी आजवर टेपची खरखर समजत होते, त्यात खरोखर पानं होती. पुढच्या गाण्याला ते हसले. "कोरस चौघांचा हाय बघ. आम्ही हुतो पाच. कडंचा नुस्ता तोंड हलवत हुता, त्याचा घसा बसलाता." चाळीस वर्षं मी ती कॅसेट ऐकत होते आणि मला हे कधी कळलं नव्हतं. बेळगावात माझ्याइतके कान कुणाचे नाहीत असा माझा समज होता, तो तिथल्या तिथे उतरला. यंत्र मी आणलं होतं. ऐकायचं कसं ते आप्पांना येत होतं. ढोलकीवाल्याची डावी बाजू उतरलेली आहे, दुसऱ्या गाण्यात पेटीचा एक सूर चिकटतोय, एकेक गोष्ट ते वखारीत पान निवडल्यासारखी बाजूला काढत होते. मला त्यांचा एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले.

मग शेवटचं गाणं आलं. घोटाळा होऊन गेला. आप्पांचा चेहरा हलला नाही. "परत लाव," ते म्हणाले. मी लावलं. "परत." चौथ्या वेळी त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"त्यो न्हाय," आप्पा म्हणाले. "मी हाय."

"काय मी हाय?" आईने विचारलं.

"आदी घुसलेला. त्यो माज्या डाव्या अंगाला उभा हुता, म्हंजे समोरच्या टेपला उजवीकडं. उजवा बरोबर येतोय. डावा आदी शिरतोय. आन् त्याच्या आदी श्वास बघ, नाकानं वडलेला. त्यो माजा हाय."

मी ऐकलं. आप्पा ओळ उचलण्याआधी नाकाने जोरात श्वास ओढतात, अजूनही. तो तिथे होता, स्वच्छ. त्याच्या मागोमाग त्यांचा शब्द, आणि मग उजवीकडून, अगदी जागेवर, काकांचा. घरातल्या टेपला एकच स्पीकर होता. त्यात हे दोन आवाज म्हणजे एकच गोळा होता, आणि माझ्या जुन्या हेडफोनलाही तो कधी सुटला नाही. आता मधून बोट घालता येईल एवढी जागा होती.

"तवा मला खरंच त्योच वाटला गं," आप्पा म्हणाले. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आई म्हणाली, "एवढी वरसं झाली. पुढं गाणारं माणूस बी गेलं. आता कुनाला सांगायचं? सोडा की."

मीही तेच म्हणाले, फक्त शहाण्यासारखं. जुनी टेप ताणली जाते, कॅसेट उतरवताना वेळ मागेपुढे होते, एका श्वासावरून खात्री धरता येत नाही. वर्गात मी असं बोलणाऱ्या पोराला खाली बसवलं असतं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुजं हे यंत्र खोटं हाय का?"

दुपारपासून मी त्या यंत्राची एवढी तारीफ केली होती की आता त्याला खोटं म्हणायला तोंड उरलं नव्हतं. आणि ते खोटं नव्हतंच. "नाही," मी म्हणाले.

"मग सकाळी सदलग्याला जाऊ."

सकाळी मी गाडी काढली. आप्पांनी पांढरा सदरा घातला होता आणि हेडफोनची पेटी मांडीवर धरली होती. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस, पुढे उसाचे ट्रॅक्टर. मला भीती वाटत होती. या वयात आपली लाज आपण होऊन दुसऱ्याच्या दारात घेऊन जायची, हे मला जमलं नसतं. मी तर पार्सलसाठीसुद्धा खोटं बोलले होते.

काका दुकानासमोर बाकावर बसले होते. दुकान आता मुलगा बघतो. पाठीत वाकलेत, पण बघता क्षणी उठले, तीच घाई. "ये ये! आदी च्या घे, मग बोल!"

आप्पा बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "त्या दिवशी तू न्हाय शिरलास. मी शिरलो. काल ह्या पोरीच्या यंत्रात ऐकलं. माजी चूक तुज्या डोस्क्यावर गेली, आन् मी बी पंगतीत हसलो." आणि त्यांनी हात जोडले.

काका रागावतील, नाहीतर हसून सोडून देतील, असं मला वाटलं होतं. आपल्याला सगळं माहीत होतं असं म्हणतील, असंही क्षणभर वाटलं. त्यातलं काहीच झालं नाही. ते हळूच बाकावर बसले.

"तू हुतास?" त्यांनी विचारलं. "म्हंजे मी न्हवतो?"

त्यांनाही इतकी वर्षं माहीत नव्हतं. सगळे म्हणाले म्हणून त्यांनीही ते खरं मानलं होतं. "मला वाटलं, माजा तालच कच्चा," काका म्हणाले. "मग म्हटलं, नगंच त्ये. नातवंडास्नी पाळन्यात सुदिक गाऊन दावलं न्हाय रं मी."

आप्पांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला.

मी लॅपटॉप बाकावर उघडला आणि काकांच्या डोक्यावर हेडफोन बसवला. मी त्यांना सांगायला लागले, आधी डावीकडचा श्वास ऐका, तो आप्पांचा. काकांनी हात हलवून मला थांबवलं. त्यांना आप्पांची चूक ऐकायचीच नव्हती. "माजा आवाज कुठं हाय त्यो सांग," ते म्हणाले.

"उजवीकडे. जरा मागे."

त्यांनी डोळे मिटले. मी शेवटची ओळ लावली. ती संपल्यावर त्यांनी पुन्हा मागितली, आणि पुन्हा. त्यांचे ओठ हलायला लागले. कानांवर हेडफोन असल्यामुळे ते मोठ्याने बोलले, सगळ्या बाजारपेठेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"वेळंवर आलोय की रं मी!"

"व्हय," आप्पा म्हणाले. "तू वेळंवरच आलतास."