कलाकंद कोणाच्या हातचा

लग्नाला जितकी वर्षं झाली तितकीच वर्षं माझं डोकं तापलेलं आहे. कारण एकच. आमच्या घरी कलाकंद मी करतो आणि नाव बायकोचं होतं.

आधी त्या कलाकंदाचं सांगतो, म्हणजे माझा राग किती खरा आहे ते कळेल. दूध आमच्याच गोठ्यातल्या म्हशीचं. त्यात चमचा उभा केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो तसाच उभा सापडतो. जाड बुडाची कढई. बाभळीच्या लाकडाचा मंद जाळ. दूध आटायला लागलं की हातातलं उलथणं थांबता कामा नये. नाकाला खाज सुटली तर खांद्यावर घासायचं, पण हात चालू. अर्धं आटलं की चिमूटभर तुरटी, म्हणजे दूध दाणेदार होतं. मग पुन्हा हलवणं. खवा कढईच्या कडा सोडू लागला की साखर. साखर पडली की हा सगळा आटवलेला माल परत पातळ होतो आणि तुमच्या तोंडाकडे पाहून हसतो. इथं भलेभले उठून जातात. मी उठत नाही. या हलवण्यानं माझ्या उजव्या दंडावर असा गोळा आला आहे, की मालेगावचा शिंपी माझ्या सदऱ्याची उजवी बाही वेगळं माप घेऊन कापतो.

आणि बायको त्या वेळी काय करते? दाराला आतून कडी लावते.

"लोकं म्हंतीन, नवऱ्याले चुलीपाशी बसवते," हे तिचं कारण.

मग वड्या पाडल्या की बाई पदर सावरून ताटली पाहुण्यांसमोर नेतात. पाहुणे म्हणतात, "वहिनी, काय हात आहे तुमचा!" ती मान खाली घालून म्हणते, "कायचं काय, असंच केलं जरासं."

जरासं! माझ्या कपाळातून धूर निघत असतो तेव्हा.

एकदा न राहवून मी भर बैठकीत सांगितलं, हा कलाकंद मी केला आहे. लोक इतके हसले की एकाच्या नाकातून चहा आला. "दादाच्या गोष्टी म्हंजे!" म्हणाले. आता माझं बोलणं थोडं फुगवून असतं हे मी नाकारत नाही. पण जन्मात एक गोष्ट जशीच्या तशी सांगितली आणि नेमकी तीच कोणी मानली नाही, याचा संताप येणार नाही तर काय?

तर यंदा तिच्या भाचीचा साखरपुडा निघाला, कामरगावला, तिच्या माहेरी. तिच्या भावाचा फोन आला.

"आक्का, मिठाई दुकानातून आणतच नाई आमी. कलाकंद तुयाच हातचा. आदल्या दिवशी ये न इथंच कर. साऱ्या बाया पाह्याले बसतीन."

"घरूनच करून आणतो नं," ती म्हणाली.

"माय म्हंते, डोयासमोर झाला पायजे!"

फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा फाटलेल्या दुधासारखा झाला होता. माझ्या मनात मात्र लाडू फुटत होते. आता खरं बाहेर येणार.

"तुमी बससान नं माह्यासंगं चुलीपाशी?" तिनं विचारलं.

"आधी सगळ्यांसमोर सांग, कलाकंद हे करतात म्हणून."

"मायच्या घरी? मरून जाईन, पण सांगनार नाई."

"मंग हलव," मी म्हणालो.

कामरगावात मी ओसरीवर गादीवर बसलो, बाकीच्या नवरे मंडळींमध्ये, अगदी जावई शोभेल असा. समोर अंगणात चूल मांडलेली. तिच्या भावानं गावभर फिरून, दारोदार सांगून दूध जमवलं होतं, कढई काठोकाठ. चुलीसमोर आमची बाई, आणि भोवती बायांचा असा गराडा की जणू तिचंच लग्न.

तिनं चुलीत तुराट्या घातल्या. तुराट्या! तुरीच्या वाळक्या काड्या त्या, घातल्याबरोबर भडकतात. अंघोळीचं पाणी तापवावं तुराट्यांवर. खव्याला त्या चालतात का? जाळ कढईच्या वर आला. उलथणं खर्र खर्र वाजायला लागलं. दूध बुडाला धरत होतं. मी चहाच्या कपाची कड दातांनी चावली.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले.

"काय झालं वं?" कोणीतरी विचारलं.

"धूर," ती म्हणाली.

मी तोंड फिरवून बसलो. होऊ दे म्हटलं. फजिती झाली की आपोआप कळेल कोणाचा हात आहे ते. पण तेवढ्यात तो वास आला. करपायच्या आधीचा, अगदी आधीचा. अजून दूध वाचतं, नंतर वाचत नाही, असा. बायकोवर मी चिडू शकतो. दुधावर कसा चिडणार?

"सरक!" मी ओरडलो. असा ओरडलो की शेजारच्या गोठ्यातले बैल उठून उभे राहिले. पेटत्या तुराट्या बाहेर ओढल्या. बूड न खरवडता वरचं दूध दुसऱ्या कढईत ओतून घेतलं, बाभळीची लाकडं मागवली आणि बसलो. तुरटी, हलवणं, साखर, परत हलवणं. माझ्या वतीनं उलथणं बोलत होतं, आणि या वेळी साक्षीदार अंगणभर होते.

परातीत थापलेला कलाकंद निवला. सासूबाईंनी पहिली वडी तोंडात टाकली, डोळे मिटले. मी छाती काढून उभा राहिलो. इतक्या वर्षांचा न्याय आता त्या बोळक्या तोंडातून निघणार होता.

त्या उठल्या, माझ्या शेजारून पुढे गेल्या आणि त्यांनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"माय वं! नवऱ्याले कसं शिकवलं माह्या पोरीनं! आमचा सारा जलम गेला, पन तुया बापाच्यानं कपभर चहा झाला नाई."

"आक्का, कसं वळन लावलं वं?" बाया तिच्यावर तुटून पडल्या. "आमालेही सांग नं!"

आणि ती, मान खाली घालून:

"कायचं काय, असंच शिकवलं जरासं."

मी उलथणं कढईत आपटलं. आवाज पार कारंजा गावापर्यंत गेला असणार. अंगणात कोणी वळूनही पाहिलं नाही. साऱ्या बाया ओसरीवरच्या आपापल्या नवऱ्यांकडे पाहत होत्या, आणि ते नवरे माझ्याकडे, मी त्यांच्या कडब्याच्या गंजीला काडी लावल्यासारखे.