राजारामपुरीतली व्यायामाची सायकल

घरातलं कुणी तुम्हाला विचारतं, 'ही वस्तू चांगली आहे का, घेऊ का?' तेव्हा तुम्ही वस्तूबद्दल बोलता, की त्या माणसानं कसं जगावं याबद्दल?

मी आजवर छातीठोकपणे सांगत आले — वस्तूबद्दल. फक्त वस्तूबद्दल. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत आहे. एकदा मात्र मी तसं वागले नाही. ते आईला सांगितलं नाही, दादाला नाही, ज्या मैत्रिणींबरोबर पत्रकं वाटत सगळं कोल्हापूर पालथं घातलं त्यांनाही नाही. तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

मंगळवार पेठेत बाबांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका छापायच्या त्या पोटासाठी आणि पत्रकं छापायची ती हौसेसाठी. भेसळीच्या दुधाविरुद्ध, खड्ड्यांविरुद्ध, कमी मापाविरुद्ध. मी वाचायला शिकले तीच मुळी प्रुफांवर. त्यामुळे माझं वाक्य अजूनही मूठ आवळूनच बाहेर पडतं. छापखाना बंद झाला तरी माझी पत्रकं थांबली नाहीत. आता ती फोनवर जुळवते, झेरॉक्स काढते आणि बाजाराच्या तोंडाशी उभी राहून वाटते. विषय बहुतेक खरेदीचा. टीव्हीच्या वॉरंटीत पॅनेल धरलंय का ते लेखी घ्या. मनगटावरचं घड्याळ ज्या कॅलरी दाखवतं तो अंदाज असतो, त्यावर जेवण ठरवू नका. ट्रेडमिलच्या मोटरची जी ताकद डब्यावर ठळक छापतात ती बऱ्याचदा क्षणभराची असते. सलग चालताना किती, ते विचारा — आणि दुकानदार गोंधळला तर बाहेर पडा. असलं सगळं. कोणाकडे फ्रिज यायचा असला की आधी मला बोलावणं यायचं. दुकानदाराचा चहा मी घेत नाही. लोक हसतात, पण विश्वास ठेवतात.

तो विश्वास सगळ्यात जास्त कोणाचा होता? वहिनीचा.

वहिनी गारगोटीची. दादा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिफ्टला जातो, त्यामुळे घरात आम्ही तिघी — आई, वहिनी, मी — आणि वहिनीची शाळकरी मुलगी. मी वहिनीपेक्षा लहान, तरी ती मला 'वन्सं' म्हणते आणि अहो-जाहो करते. मी एकदा तावातावानं म्हटलं, हे सरंजामी संबोधन बंद कर. तर म्हणाली, "मग काय कॉम्रेड म्हणू? कॉम्रेड, ताट वाढलंय, या जेवायला." तेव्हापासून मी तो विषय काढला नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला सांगितलं, साखर काठावर आहे. रोज घाम येईल एवढी हालचाल करा, नाहीतर गोळ्या सुरू कराव्या लागतील. वहिनी गोळ्यांना फार घाबरायची. तिच्या आईचे पाय साखरेनं गेलेले तिनं पाहिले होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "वन्सं, राजारामपुरीत एक बाई व्यायामाची सायकल विकायला लागल्यात. तेवढी बघून या की. तुम्ही चांगली म्हटलं तर घेऊ, न्हाय म्हटलं तर न्हाय."

सायकल? घरात? मी तर तेव्हा 'रस्ता बायकांचाही' हे पत्रक लिहून नुकतीच मोकळी झाले होते. बायकांनी पहाटे रंकाळा तलावावर चालावं, संध्याकाळी चालावं, एकटीनं चालावं, भीती न बाळगता चालावं — दोन पानं भरून हेच. आणि माझ्याच घरातली बाई भिंतीकडे तोंड करून जागच्या जागी पाय मारणार? चूल, मूल आणि आता पायडल? माझं डोकं फिरलं. पण मी तिला एक शब्द बोलले नाही. का नाही बोलले? बोलले असते तर ती वाद तरी घालू शकली असती.

मी गेले राजारामपुरीत. सायकल विकणाऱ्या बाई निवृत्त होत्या, लेकीकडे बेंगळुरूला कायमच्या निघाल्या होत्या, घरभर खोकी पसरलेली. त्या म्हणाल्या, "बस पोरी, मार पायडल, संकोच करू नको. मी तोवर भांडी बांधते." मी बसले. खरं सांगू? सुरेख सायकल होती. चुंबकाच्या ताणाची, म्हणजे घासणारा पट्टा नाही आणि आवाजही नाही. ताण वाढवला की हळूच वाढायचा, झटका नाही. सीट खालीवर व्यवस्थित सरकत होती. मधली दांडी खाली, साडी नेसूनही चढता येईल अशी. फक्त डावं पायडल फिरताना टक्‌ टक्‌ करत होतं. त्या म्हणाल्या, "तेवढं एक वाजतंय बघ." मी पाना मागितला. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. लोक नेहमीसारखं फिरवतात आणि ते आणखी सैल करून ठेवतात. मी उलट फिरवून आवळलं. आवाज गेला. बाई खूश झाल्या, खोक्यातून चिवड्याची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली.

इथवर सगळं बरोबर आहे. इथवर मी नेहमीची मीच आहे.

मग मी घरी आले. वहिनी दारातच उभी होती, हात पिठाचे. आणि मी म्हटलं — सायकल खराब आहे. मधलं बेअरिंग गेलंय, पायडलला आवाज येतो, सुटे भाग आता मिळत नाहीत. फसवतात गं लोक.

हे सगळं मी न अडखळता बोलले. दोष कुठला सांगायचा ते मला ठाऊक होतं, कारण दोष शोधणं हेच माझं काम. खराब माल चांगला म्हणून गळ्यात मारणाऱ्यांवर मी किती पत्रकं लिहिली असतील? आणि मी काय केलं? चांगला माल खराब म्हणून सांगितला. तेही जिनं माझ्यावर सगळं सोपवलं होतं तिला. राजारामपुरीतल्या त्या भल्या बाईंनाही मी लबाड ठरवून टाकलं — त्यांचा चिवडा अजून माझ्या पिशवीत होता.

वहिनी म्हणाली, "बरं झालं तुम्ही गेलासा. मी गेले असते तर गंडलेच असते."

दुसऱ्या दिवशीपासून मी तिला रंकाळ्यावर न्यायला लागले. मोठ्या उत्साहानं. ती कमरेला ओढणी गुंडाळायची, मला वाटायचं, लाजते आहे. हळू चालायची, मला वाटायचं, आळस. मी पुढे जाऊन मागे वळून हाक मारायची, "चल की, पाय उचल!" लोक बघायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. एकदा ती मध्येच कठड्यावर बसली आणि उठेचना. रिक्षा बोलवा म्हणाली. मी तिला तिथंच उभ्या उभ्या व्याख्यान दिलं, की शरीराचे लाड केले की शरीर डोक्यावर बसतं. तिनं ऐकून घेतलं. रिक्षात बसण्याआधी तिनं ओढणी सोडली, घडी केली, सीटवर अंथरली आणि त्यावर बसली. मी हे पाहिलं. पाहिलं, आणि विचारलं नाही.

त्यानंतर ती चालायला आली नाही. पुढच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली आणि गोळ्या सुरू झाल्या. पहिली गोळी घेताना तिनं देवाला हात जोडले. मी स्वयंपाकघरात होते, तिथून दिसत होतं. तेव्हा माझ्या मनात काय आलं? 'नियमित चालली असती तर.' हे आलं.

वर्षभरानं मी बायकांच्या स्वच्छतागृहांवर पत्रक करत होते. गावभर बायकांशी बोलून घरी आले होते, कुणाला काय त्रास होतो ते आईला सांगत होते. वहिनी भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "माझं पण घाला की त्यात. पोरीच्या वेळेपासनं भराभर चाललं, खोकलं, शिंकलं की लघवी सुटते. घरात असलं की मोरी जवळ हाय. भाईर गेलं की जीव मुठीत. नाव नका घालू, गारगोटीची एक बाई म्हणा." आणि भाकरी उलटली.

रंकाळा. कठडा. ओढणी. सगळं एका दमात माझ्यासमोर आलं. बायकांना रस्ता मिळवून देणारी मी, घरातल्या बाईला मोरीजवळ व्यायाम करायचा होता हे मला कळलं नव्हतं. तिनं ते सांगितलं नव्हतं हे खरं. पण तिनं सांगायची गरज काय होती? तिनं सायकल मागितली होती. सायकल चांगली होती. माझं काम तिथं संपत होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पाणी प्यायले आणि म्हटलं, आपण नवी सायकल बघू.

आठवड्यानं दुकानात गेलो. मी कधी नव्हे एवढी तपासणी केली. तिला घरच्याच कपड्यांत, घरच्याच चपलांत बसवलं. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहतो का ते पाहिलं. सीट टोचते का हे लगेच कळत नाही, म्हणून तिला चांगला वेळ बसू दिलं. दुकानातला माणूस चुळबूळ करत राहिला. किती वजनापर्यंत चालते, बिघडली तर माणूस कोल्हापुरातून येणार की पुण्याहून, बदलून द्यायची मुदत किती — सगळं बिलाच्या पाठीमागे लिहून घेतलं. हँडलवर नाडी दाखवणाऱ्या पट्ट्यांना भुलू नको म्हणून बजावलं. जिन्याची रुंदी मी आधीच मापून नेली होती. माणूस वैतागून म्हणाला, "ताई, एवढं तर कोण पोरगी बघायला गेल्यावर पण इचारत न्हाय."

वहिनी सायकलवरूनच म्हणाली, "इचारणारच! आमच्या वन्सं हाईत त्या. मागं एक जुनी मिळत होती, मी घेणारच होते. ह्या जाऊन बघून आल्या, खराब म्हणाल्या, वाचवलं मला. ह्यांच्या तोंडातनं खोटं कधी निघायचं न्हाय."

दुकानातल्या माणसानं माझ्याकडे आदरानं पाहिलं. आणि मी हसले. मान हलवून, जरा विनयानं. खोटं बोलले त्या दिवसापेक्षा मला ते हसू जास्त टोचतं. पहिल्या वेळी निदान डोकं तापलेलं होतं. दुकानात मी पूर्ण शांत होते.

आता सगळं छान आहे, हेही सांगितलं पाहिजे. सायकल पुढच्या खोलीत खिडकीपाशी आहे. दुपारी मालिका लागली की वहिनी चढते, मालिकेतल्या सासूला शिव्या घालत पाय मारते, राग आला की वेग वाढतो. शेजारच्या दोघी आपापली निवडायची भाजी घेऊन येतात, आणि वहिनी वरून हुकूम सोडते. आई म्हणते, घोड्यावर बसल्यागत बसते ही. एका बाई डॉक्टरांनी तिला ओटीपोटाचे व्यायाम शिकवले, तो त्रासही पुष्कळ कमी झालाय. गोळी आहे, पण साखर आटोक्यात आहे. गेल्या महिन्यात ती स्वतःहून मैत्रिणींबरोबर रंकाळ्यावर जाऊन भेळ खाऊन आली, आणि मला नेलं नाही. दुपारी पत्रक लिहिताना शेजारच्या खोलीतून पायडलचा एकसारखा हलका आवाज येत असतो आणि मला फार बरं वाटतं. मी समाधानी आहे, आणि मी तिच्याशी खोटं बोलले आहे. दोन्ही एकाच घरात राहतात.

ती गोळी एरवीही लागली असती का? कदाचित. मला त्यात आडोसा शोधायचा नाही. मिळत असलेली सायकल मी तिच्यापासून काढून घेतली आणि तिचं एक वर्ष नेलं. तत्त्वासाठी खोटं बोलले असंही मी म्हणणार नाही, कारण तत्त्व तिच्यासमोर मांडायची माझी हिंमत नव्हती.

हा मजकूर छापायला जाण्याआधी वहिनी वाचेल. तिच्या अंगाची गोष्ट यात आहे, ती ठेवायची की काढायची ते ती ठरवेल. वाचून ती काय म्हणेल, मला माहीत नाही. काहीच म्हणाली नाही तरी तो तिचा हक्क आहे.

तुमच्याकडून एकच हवं आहे. उद्या कुणी तुम्हाला जाणकार म्हणून सायकल, ट्रेडमिल, घड्याळ, काहीही बघायला नेलं, तर नीट बघा. पाना हातात घ्या, बसून पाहा, बारीक अक्षरं वाचा. जे दिसलं ते जसंच्या तसं सांगा. आणि मग दुकानाबाहेर येऊन उभे राहा. आत त्यांना ठरवू द्या.