सोर घळीची वाट

हेस्टर फेरनने रविवारच्या वाटा आखायला घेतल्या तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती, आणि तिच्या हातून त्या काढून घेतल्या तेव्हा सत्तावन्न. मधली बावीस वर्षं हॉबथ्वेटच्या भटक्या मंडळातला एकही माणूस तिला विचारल्याशिवाय डोंगराला पाय लावत नव्हता.

आठवडाभर ती पोस्टाच्या खिडकीमागे बसून तिकिटं फाडायची. शुक्रवारी चहा झाला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरायची. शिवणाचा दोरा ओला करून तो डोंगरधारेच्या वळणावळणाने बसवायची, मग पट्टीवर ताणून मैल काढायची. तीन मैलांना एक तास, दोन हजार फूट चढाला आणखी एक, धुकं धरलं तर वर पाऊण, आणि म्हातारे मिस्टर बेल बरोबर असले तर आणखी अर्धा. पण तिची खरी कारागिरी उतरायच्या वाटांत होती. धारेवरच्या प्रत्येक माथ्यावरून, वेळ आलीच तर कुठल्या सोंडेने किंवा घळीने खाली सुटायचं, हे ती लाल पेन्सिलीने दाखवायची.

"चढायला काय, मेंढीपण चढते," ती म्हणायची. "उतरणार कुठून ते बोला."

तोंडाने फटकळ. बस सुटायला दोन मिनिटं उशिरा येणाऱ्याला मागे टाकून जायची. नवे कोरे बूट घालून आलेल्या एका डॉक्टरीणबाईला तिने सगळ्यांदेखत परत घरी धाडलं होतं. लोकांना तिची गरज होती, माया कुणाला नव्हती. अपवाद म्युरिएल टॉल्सनचा. लोकरीच्या दुकानात काम करणारी ही मऊ आवाजाची बाई पंधरा वर्षं हेस्टरच्या थर्मासातला चहा प्यायली होती आणि तिला आपल्या हातची आल्याची वडी खायला घालत होती.

त्रेसष्ट सालच्या सप्टेंबरात मंडळाची वार्षिक सभा भरली. हार्बॉटल नावाचा गृहस्थ नुकताच अध्यक्ष झाला होता. मँचेस्टरची नोकरी संपवून तो दोन वर्षांपूर्वी गावात राहायला आला होता. त्याने ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी किडस्कार ते ब्लॅकहॉ, सबंध धार, नऊ माथे एका दिवसात करायचा बेत मांडला.

"ऑक्टोबरात नाही," हेस्टर म्हणाली. "पाचला उजेड जातो. पाचव्या माथ्यानंतर तीन मैल खाली सुटायला जागा नाही."

"मिस फेरन, तुमचं प्रत्येक गोष्टीला नाहीच असतं," हार्बॉटल हसून म्हणाला. "बावीस वर्षं आम्ही तुमच्या घड्याळावर चालतोय. डोंगर बघायला येतो आम्ही, हजेरी द्यायला नाही."

लोक हसले. ते हसू तिला झोंबलं.

"मग आखा तुम्हीच," ती म्हणाली.

"तसाच ठराव मांडतो," तो म्हणाला, आणि खरंच मांडला. वाटा आखायचं काम अध्यक्षांकडे द्यावं. हात वर झाले. तिसऱ्या रांगेत म्युरिएलचाही झाला. मान खाली, पण हात वर.

हेस्टरने तिथल्या तिथे नकाशांची फाईल टेबलावर आपटली आणि निघाली. एक गोष्ट मात्र तिने फाईलमध्ये ठेवली नव्हती. पाचव्या माथ्याखालून सोर घळ उतरते, आणि नकाशावर तिच्यातून वाट दाखवली आहे. घळीच्या तोंडाशी दगडी कुंपण आहे, त्यावरून पलीकडे जायला पूर्वी पायऱ्या होत्या. ऑगस्टमध्ये ती एकटी तिथे गेली तेव्हा पायऱ्या काढून टाकलेल्या होत्या. कुंपण पुरुषभर उंच रचलेलं होतं आणि वर काटेरी तारेचे तीन पदर. वरच्या अंगाला ओला कातळ. तो घसरत उतरता येतो, पण परत चढता येत नाही. म्हणजे उतरलेला माणूस हौदात पडल्यासारखा. हे ती सभेत सांगणार होती. म्युरिएलचा हात वर झाला, आणि ती बोलली नाही.

त्या रविवारी सकाळी बस गेलेली तिने खिडकीतून पाहिली. बारा वाजेपर्यंत धुकं निम्म्या डोंगरावर उतरलं. ती मोजे रफू करत बसली. मनातला हिशोब काही थांबेना. आता तिसरा माथा. आता चौथा, बेल दमला असेल. पाचव्यावर हार्बॉटल नकाशा उघडणार, त्याला घळीतली वाट दिसणार. "उतरा की," ती मोठ्याने म्हणाली. "हजेरी नको होती ना?" घरात ऐकायला कुणी नव्हतं. दीड वाजता तिने मोजा फेकला आणि सायकल काढली.

ज्याने ती तार घातली त्या मेंढरंवाल्या जोनास रेल्फच्या दारात ती दीड वर्षं गेली नव्हती. कुठली मेंढी फळली ते तिच्या पाठीवरच्या डागावरून कळावं म्हणून तो अंगणात एडक्यांच्या छातीला लाल रंग फासत होता.

"कोण मेलं?" त्याने मान वर न करता विचारलं. "तू माझ्या दारात आलीस म्हणजे कुणीतरी मेलंच असणार."

"अजून नाही. मंडळाची माणसं सोर घळीत उतरतायत. तुझ्या तारेला येऊन अडकतील."

"अडकू देत. माझ्या अकरा गाभण मेंढ्या तुमच्या मंडळातल्या कुत्र्याने कड्यावरून खाली घातल्या, तेव्हा कोण धावलं होतं?"

"मी भांडायला नाही आले, जोनास."

"मग आयुष्यात पहिल्यांदाच." त्याने रंगाचं डबडं खाली ठेवलं. "कुत्रं दोरीला बांधलेलं होतं असं हवालदाराला कुणी सांगितलं?"

"मी."

"होतं?"

एडका तिच्याकडे बघत रवंथ करत होता.

"मी सगळ्यांच्या पुढे होते. मी मागे पाहिलंच नव्हतं."

"म्हणजे खोटं बोललीस."

"हो."

जोनास तिच्या बुटाजवळ थुंकला. मग गोठ्यात जाऊन त्याने पक्कड आणि दोर आणला, आणि गड्याला हाक मारून मेंढवाड्याचं एक हलकं लाकडी फाटक उचलायला लावलं.

"चल. आणि माझ्या पुढे चालू नकोस. तुझी पाठ बघायची नाही मला."

सबंध चढावर तो तिला बोल लावत होता. तुम्ही फाटकं उघडी टाकता, भिंती पाडता, वर आम्हालाच डोंगर शिकवता. ती दम राखून मागून चालत राहिली. वाळलेल्या नेच्यांतून वर गेल्यावर शिट्टी ऐकू आली. सहा वेळा, मग थांबून पुन्हा सहा. संकटाची ही खूण मंडळाला तिनेच शिकवली होती.

कुंपणापलीकडे सोळा माणसं ओली होऊन गारठली होती. म्युरिएल दगडांत पडलेली. ती सगळ्यांत हलकी म्हणून तिला कुंपणावर चढवलं होतं. वरचे दगड सुटले, ती तारेत अडकून उलटी पडली आणि दगड पायावर आला.

"हा काय प्रकार आहे?" हार्बॉटल पलीकडून ओरडला. "नकाशात इथे वाट आहे!"

"मग नकाशावरूनच उतर की," जोनास म्हणाला आणि तार तोडायला लागला.

त्यांनी कुंपणाला खिंडार पाडलं, म्युरिएलला फाटकावर बांधलं आणि चौघांनी उचललं. एक कोपरा हेस्टरच्या खांद्यावर होता. म्युरिएल तिच्याकडे सबंध उतारभर बघत होती. अंगणात पोचल्यावर हार्बॉटल जोनासला म्हणाला, "तुमची तक्रार करणार मी." हेस्टरकडे वळून म्हणाला, "तुम्ही कशा काय नेमक्या तिथेच आलात?" ती फाटकाचे दोर सोडायला वाकली.

बुधवारी ती इस्पितळात गेली. म्युरिएलचा पाय टांगलेला होता.

"तार आहे हे तुला माहीत होतं?" म्युरिएलने विचारलं.

"ऑगस्टपासून."

"आणि बोलली नाहीस."

"तू हात वर केलास."

म्युरिएलने तोंड फिरवलं.

"का केला, ते विचारलंस कधी? पंधरा वर्षं मला माथ्यावर जरा टेकायचं होतं गं. पाच मिनिटं. चहा संपायच्या आत तू घड्याळ बघून उठायचीस." तिचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "जा आता. आणि परत येऊ नकोस."

हेस्टर तिथून थेट पोलीस चौकीत गेली. मेंढ्यांच्या वेळची आपली जबानी खोटी होती हे तिने हवालदाराला सांगितलं. "आता त्याचा काय उपयोग बाई?" हवालदार म्हणाला. "लिहून घ्या," ती म्हणाली, आणि तो सही घेईपर्यंत उभी राहिली. गावात ते पसरायला दोन दिवस पुरले. मंडळाने तिचं नाव वहीतून काढलं. हार्बॉटलच्या तक्रारीवरून जोनासला पायऱ्या परत बसवाव्या लागल्या. त्याची अखेरपर्यंत खात्री होती की तक्रार हेस्टरनेच केली. तो पोस्टात येऊन तिची खिडकी रिकामी असली तरी दुसऱ्या रांगेत उभा राहायचा. तिने त्याचा गैरसमज काढायचा प्रयत्न केला नाही.

रविवारी ती एकटीच जाऊ लागली. सत्तरी उलटेपर्यंत धनगरांना ती कुठल्या ना कुठल्या धारेवर दिसायची, कधी चालताना, कधी माथ्यावर दगडाला टेकून बसलेली. कुणी हाक मारली तर मान हलवायची, एवढंच.

म्युरिएल लंगडत घरी आली आणि पुढच्या वसंतात समुद्रकाठच्या बहिणीकडे राहायला गेली. हेस्टरने तिला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं, दोन ओळींचं. पाय बरा आहे. इथे सगळं सपाट आहे.