बिनविरोध उकंडराव

आमच्या मोताळा तालुक्यातल्या एका सोसायटीत उकंडराव चौतीस वर्षं गटसचिव होते. सोसायटीचं नाव सांगत नाही, कारण तिचे संचालक अजून धडधाकट आहेत आणि माझ्या घरावरूनच रोज बसस्टँडवर जातात. या काळात अध्यक्ष सात झाले, सचिव एकच. अध्यक्षांनी हार घालून घ्यायचे आणि उकंडरावांनी बोट ठेवलं तिथं सही करायची, अशी कामाची वाटणी होती. तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

उकंडरावांची खरी कीर्ती मात्र वेगळी. त्यांच्या कारकिर्दीत सोसायटीची एकही निवडणूक झाली नाही. सगळ्या बिनविरोध. कोणी अर्ज भरला की त्याच दिवशी उकंडराव त्याच्या ओसरीवर हजर. चहा घ्यायचे, म्हशीची चौकशी करायचे, मग "गावासाठी" एवढा एकच शब्द टाकायचे. माणूस आपल्या पायांनी जाऊन अर्ज मागे घेऊन यायचा. बिनविरोधबद्दल निबंधक साहेबांच्या हस्ते मिळालेलं सन्मानपत्र त्यांच्या बैठकीत देवापेक्षा दोन बोटं वर टांगलेलं आहे.

निवृत्त झाल्यावर या माणसाचं काय व्हावं? रामराम घालणारे निम्मे झाले. सहा महिन्यांत चेहरा उतरला. अशात त्यांची नात अनुपमा सुट्टीला आली. ती बुलढाण्याला कॉलेजात शिकते आणि उरलेल्या वेळात अंतराळात राहते.

म्हणजे खेळात. संगणकावरचा खेळ. जगभरातली लाखभर माणसं तो खेळतात. त्याचं इंग्रजी नाव उकंडरावांच्या जिभेवर कधी बसलं नाही, ते त्याला नुसतं 'वरचं' म्हणतात. वर राजा नाही, सरकार नाही, आहेत त्या फक्त कंपन्या. ग्रह कंपनीचा, फौज कंपनीची, कोर्ट कंपनीचं, न्यायाधीशही पगारी. एका ग्रहावर तर हवा कंपनीची आहे आणि श्वासावर आकार लागतो. सगळ्यांत मोठी कंपनी झेनोव्हार. तिच्याकडे चारशे ग्रह, आणि 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' असं प्रत्येक ग्रहावर लिहिलेलं.

उकंडरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, वर निबंधक कोण? अनुपमा म्हणाली, कोणीच नाही. तपासणीला कोणी येतच नाही, हे ऐकून उकंडरावांच्या डोळ्यांत जे पाणी आलं ते कौतुकाचं होतं असं माझं प्रामाणिक मत आहे.

अनुपमा आणि धाड गावची तिची मैत्रीण महनूर, दोघींनी मिळून वर एक छोटी कंपनी काढली होती. नाव पैनगंगा. सभासद एक्केचाळीस. काही कॉलेजातले, काही नाशिकचे, काही पार ब्राझीलचे. मालमत्ता म्हणाल तर एक चंद्र. ओसाड, दगडगोट्यांचा, म्हणून उकंडरावांनी त्याचं नाव बरड ठेवलं. पण बरडावर बर्फ होतं आणि त्या वाटेवरच्या प्रत्येक जहाजाला इंधनासाठी तिथं थांबणं भाग होतं, जसं प्रत्येक एसटीला चहासाठी एका ठरावीक हॉटेलात थांबणं भाग असतं. दोघी पोरींनी तीन वर्षं खपून ते उभं केलं होतं. झेनोव्हारला ते हवं होतं.

झेनोव्हारने तोफा आणल्या नाहीत. मोठ्या कंपन्या तोफा दाखवायला ठेवतात. तिने पैनगंगेचे अठरा सभासद नवी जहाजं देऊन फोडले आणि त्यांना एकच काम सांगितलं, वार्षिक सभेला जायचं नाही. सभेला अठ्ठावीस जण हजर लागत. उरले तेवीस. सभा झाली नाही तर खेळाच्या नियमाप्रमाणे परवाना रद्द आणि चंद्राचा हर्रास. हर्रासात बोली कोण लावणार हे सांगायला नको.

पोरी रडकुंडीला आल्या. उकंडरावांनी चष्मा पुसला आणि कंपनीचे पोटनियम दाखवायला सांगितले. ते बदलायला सभा लागत नव्हती, निम्म्याहून जास्त सभासदांच्या सह्या पुरत होत्या, आणि तेवीस तर होतेच. तेवढं पाहून त्यांनी महनूरला एक वाक्य लिहून घ्यायला लावलं. ते वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक सोसायटीच्या नोटिशीत तळाशी असतं आणि ते आजवर कोणी वाचलेलं नाही: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व तिला गणसंख्येची अट राहणार नाही.

ठरल्या दिवशी सभा भरली, गणसंख्या नाही म्हणून तहकूब झाली, उकंडरावांनी पोहे खाल्ले, आणि अर्ध्या तासाने तेवीस जणांनी सगळे ठराव एकमताने मंजूर केले. चारशे ग्रहांची मालकीण बघत राहिली. पोलंडच्या एका सभासदाने विचारलं की हे डोकं कोणत्या विद्यापीठाचं. उकंडराव आठवडाभर बसस्टँडवर छाती पुढे काढून फिरले. मला ही हकिगत त्यांनी चार वेळा सांगितली आणि पाचव्यांदा मी दार लावून घेतलं.

मग झेनोव्हारचा वकील बोलायला आला. वर त्याचं नाव काहीतरी ग्रीक होतं, खाली तो पुण्याचा निघाला. पहिल्या दोन वाक्यांत तो उकंडरावांच्या बोलण्यावर हसला, तिसऱ्यापासून 'उकंडरावसाहेब' म्हणू लागला. त्याचा प्रस्ताव असा: भांडण कशाला, संयुक्त मंडळ करू. संचालक चार आमचे, तीन तुमचे. अध्यक्ष अर्थात तुम्ही. आणि निवड शोभेल अशीच व्हावी, बिनविरोध.

आता बघा. सभासदांत मत पडलं असतं तर तेवीस विरुद्ध फुटलेले अठरा, पैनगंगा डोळे झाकून जिंकत होती. हे दुसरीतल्या पोराला कळलं असतं. उकंडरावांनाही कळलं. पण अध्यक्ष आणि बिनविरोध हे दोन शब्द एकाच वाक्यात, तेही स्वतःसाठी, त्यांनी जन्मात ऐकले नव्हते. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या गळ्यात हार घालताना मान अवघडली होती बिचाऱ्यांची.

अडचण एकच होती. अध्यक्षपदासाठी अनुपमाने अर्ज भरला होता.

ते घरातल्या घरात तिच्या खोलीत गेले. अभ्यास कसा चाललाय विचारलं. चहा मागवला. मग म्हणाले, "अनू, घरात वाद बरा दिसत नाही. अर्ज मागं घे. कंपनीसाठी."

अनुपमाने लहानपणापासून त्यांना ओसऱ्या-ओसऱ्यांवर हे करताना पाहिलं होतं, पण आपली ओसरीही त्यात असेल असं तिला वाटलं नव्हतं. महनूरने फोनवरून परोपरीने सांगितलं की ऐकू नको. पण आबा सहा महिन्यांनी हसत होते. तिने अर्ज मागे घेतला.

संयुक्त मंडळ बसलं आणि उकंडराव बिनविरोध अध्यक्ष झाले. वर फटाके उडाले, त्यांच्या नावाचं एक जहाज निघालं. वीस दिवसांनी संचालक मंडळाने सर्वसाधारण सभेची नोटीस काढली; ती सभासदांना कळवणं अध्यक्षांचं काम. उकंडरावांना ती मिळाली, त्यांनी वाचली नाही. नोटीस ही काढण्यासाठी असते, वाचण्यासाठी नसते, यावर त्यांची हयात गेली होती. सभेच्या वेळी पोरी प्रात्यक्षिक परीक्षेत होत्या आणि अध्यक्ष बुलढाण्याला एका साखरपुड्यात जिलबी खात होते. सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली. अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी झेनोव्हारने फोडलेल्या अठरांपैकी सहा जणांनी ती पुन्हा भरवली आणि बरड झेनोव्हारच्या नावे केलं. एकमताने. अध्यक्षांच्या अभिनंदनाचा ठरावही झाला.

अनुपमा ओरडली नाही. "मी उभी राहिली असती तर हारली नसती आबा," एवढंच ती बोलली आणि चार दिवस स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवली. उकंडराव त्या चार दिवसांत म्हातारे झाले. खेळातला दगड गेला एवढंच होतं, हे त्यांना सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण पोरीची तीन वर्षं गेली होती आणि ती आपण मागून घेतली होती, हे त्यांना नीट कळत होतं. मलाही पहिल्यांदाच त्यांची कीव आली.

पुढे पोरींनी फुटून नवी कंपनी काढली, शून्यातून, चंद्राशिवाय. बावीस जण आले. उकंडरावांनी सभासदत्वाचा अर्ज कागदावर लिहून दोन प्रतींत दिला. अनुपमाने तो मंजूर केला आणि त्यांना नाममात्र सभासद करून घेतलं. नाममात्र सभासदाला सभेत बसता येतं, मत देता येत नाही. हा नियम त्यांनी किती जणांना समजावून सांगितला असेल, आता ते स्वतः खुर्ची मागे ओढून गप्प बसले.

निवडणूक लागली. अनुपमा आणि महनूर समोरासमोर. उकंडरावांना राहवेना. ते म्हणाले, दोघी मैत्रिणी, बसून ठरवून टाका. दोघींनी एकदमच त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते पाणी प्यायला उठून गेले. उमेदवार दोघी सोडून बाकीच्यांची मतं पडली, मोजली गेली. महनूरला तेरा, अनुपमाला नऊ.

नात पडली म्हणून उकंडराव हळहळत आत आले, तर अनुपमा मिटक्या मारत मुरमुऱ्याचा चिवडा खात होती. त्यांनी विचारलं, पडली तरी खूश काऊन?

"आबा, नऊ जणांनी मले खरंच मत देलं," ती म्हणाली. "कोणी सांगतलं नव्हतं त्याइले."

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव माझ्या ओसरीवर आले. मी चहा सांगितला, तो त्यांनी तसाच निवू दिला. म्हशीची चौकशी केली नाही.

"गुरुजी," ते म्हणाले, "तुमी त्या साली संचालकासाठी अर्ज भरला होता. मी याच जागी बसून मागं घ्यायले लावला. राहू देला असता, तर किती मतं पडली असती हो तुमाले?"

मी एकोणीस वर्षांत हा प्रश्न बायकोलाही विचारला नव्हता. रात्री-अपरात्री स्वतःला मात्र पुष्कळदा विचारला होता. मी म्हणालो, मला माहीत नाही, उकंडराव.

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मलेबी नाही. गावात एकाचंबी माहीत नाही."