स्टुलावरचा राक्षस

कसबा पेठेतल्या ज्या गल्लीत मी लहानाचा मोठा झालो, तिथल्या गणेश मंडळाच्या मालमत्तेत दोन ताशे, एक जनरेटर आणि एक राक्षस आहे. कागदाच्या लगद्याचा मुखवटा, काळी कफनी आणि रबरी नखे अशा तीन भागांत तो एका पत्र्याच्या पेटीत असतो. वीसेक वर्षांपूर्वी मंडळाने एड्सवर जिवंत देखावा केला होता, तेव्हाचा तो. जिवंत देखावा म्हणजे मांडवातले छोटे नाटक. संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात, पात्रे नुसते हातवारे करतात. आठ मिनिटांत खेळ संपतो, गर्दी पुढे सरकते आणि दुसरी येते.

गेल्या वर्षी गणपतीच्या दोन महिने आधी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. त्यांचे गल्लीच्या तोंडाशी तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान आहे.

"संपादक, या वर्षी एड्स घेतोय," ते म्हणाले.

मी वर्तमानपत्रातून उपसंपादक म्हणून निवृत्त झालो. हे त्यांना माहीत आहे.

"एड्सच का?"

"राक्षस तयार आहे. पौराणिक घ्यायचं तर दहा जणांचे कपडे शिवा. तुमची जुनी संहिता माझ्याकडे आहे. तेवढं साल बदलून द्या."

जुनी संहिता माझीच होती. वर्तमानपत्राच्या कामातून वेळ काढून मी ती एका दुपारी लिहिली होती, एकाही डॉक्टरला न विचारता. तिच्यात एक बाई आजारी पडते, घरचे तिला टाकतात आणि आठव्या मिनिटाला राक्षस तिचे केस धरून तिला ओढत नेतो. जाताना तो म्हणतो, "माझ्या पाशातून मुक्ती नाही. मृत्यू अटळ आहे." राक्षसाचे काम अध्यक्षांनीच केले होते. देखाव्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले आणि आम्ही सगळे स्वतःला समाजसेवक समजू लागलो. सरकारी दवाखान्यात या रोगाच्या गोळ्या मोफत मिळू लागण्याआधीची ही गोष्ट.

साल बदलून भागणार नव्हते. म्हणून मी कर्वेनगरमधल्या एका छोट्या संस्थेत गेलो. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांनीच ती चालवली आहे. तिथे एक ताई काम करतात. कुणी दवाखान्याची तारीख चुकवली, कुणाच्या गोळ्या संपत आल्या, याचा पाठपुरावा त्या करतात. त्यांना स्वतःला एचआयव्ही आहे आणि त्या ते लपवत नाहीत. बातमीच्या निमित्ताने दोन-तीनदा भेट झालेली होती. मी संहिता त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून पहिले पान वाचले, दुसरे वाचले आणि कागद खाली ठेवले.

"हा देखावा मी पाहिलाय," त्या म्हणाल्या. "मिस्टर जाऊन चार महिने झाले होते. माझाही रिपोर्ट आला होता. मुलगी कडेवर. त्या गल्लीत गर्दीत उभी राहून पूर्ण पाहिला. राक्षसानं बाईला ओढत नेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी आले, मुलीचे कपडे पिशवीत भरले आणि तिला कोणत्या बहिणीकडे ठेवायचं ते ठरवलं."

मी सांगितले की ते मी लिहिले होते.

"तरीच," त्या म्हणाल्या. "मी तेव्हाच म्हटलं होतं, राक्षस एवढं शुद्ध मराठी कुठं शिकला."

मुलगी कोणत्याच बहिणीकडे गेली नाही. तिची तपासणी निगेटिव्ह आली. आता ती एका कंपनीत नोकरी करते आणि आईला इंग्रजीतून दटावते. ताईंनी देखाव्याला मदत करायचे कबूल केले. त्यांची अट एकच होती: त्याच गल्लीत, त्याच मंडळापुढे, या वेळी बाई शेवटपर्यंत उभी राहिली पाहिजे.

बैठक अध्यक्षांच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर झाली. ताईंनी बरोबर एक डॉक्टर आणले होते. ते प्रयोगशाळेत याच विषाणूवर संशोधन करतात आणि सवयीने वाक्यात जमेल तितक्या अटी घालतात.

"बाई मरत नाही," ताई म्हणाल्या.

"मग काय करते?" अध्यक्षांनी विचारले.

"गोळी घेते, डबा भरते, कामाला जाते."

"हे बघायला लोक रांग लावतील? आमच्या घरी रोज असतं हे."

"डबा तुमच्या घरी कोण भरतं, ते एकदा पाहिलंत तरी पुष्कळ झालं."

अध्यक्ष हसले, पण ऐकेनात. त्यांचे म्हणणे अनुभवाचे होते. मरण आले की गर्दीला कळते की देखावा संपला. नाही आले तर लोक मधूनच निघून शेजारच्या मंडळाची रोषणाई बघायला जातात. शिवाय राक्षसाचे काय करायचे? त्याच्यासाठी तर विषय घेतला होता.

"राक्षस ठेवा की," ताई म्हणाल्या. "तो गेलाय कुठं? माझ्या अंगात आहेच. फक्त बसलाय."

डॉक्टर इतका वेळ चहा घेत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"हे बरोबर आहे," ते म्हणाले. "गोळ्यांनी विषाणू शरीरातून जात नाही. पण तो वाढायचा थांबतो. रोज गोळ्या घेतल्या आणि तपासणीत मोजता येईल इतकाही विषाणू रक्तात सापडत नाही, अशी स्थिती टिकून राहिली, तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. त्याला बसवता येतं. घालवता येत नाही. त्यावर आमचं काम चाललंय."

"किती वर्षं?"

"चाललंय," डॉक्टर म्हणाले.

अध्यक्षांनी आणखी एक प्रश्न विचारला आणि तो मला त्या बैठकीतला सर्वांत चांगला वाटला. "समजा, सगळ्यांचे राक्षस बसवले. मग?"

"मग नवीन माणसाकडे जायला कुणी उरत नाही," डॉक्टर म्हणाले. "साथ अशीच संपते. पण आधी कुणाकडे राक्षस आहे ते कळलं पाहिजे. म्हणून 'तपासणी, तपासणी' म्हणत आम्ही घसा कोरडा करतो."

म्हणजे राक्षस पूर्ण आठ मिनिटे स्टुलावर बसून राहणार, असे ठरले. अध्यक्षांनी ते दुःखाने मान्य केले. वीस वर्षांनी मिळालेल्या भूमिकेत एकही हालचाल नव्हती. त्यांनी सुचवले की बाई गोळी विसरते आणि राक्षस गर्जना करत उठतो, एवढे तरी असावे. डॉक्टरांनी हरकत घेतली. एका चुकलेल्या गोळीने तो लगेच उठत नाही, पण पुन्हा पुन्हा चुकू लागल्या तर उठतो, आणि औषधही निकामी होऊ शकते. पाऊण तास चर्चा झाली. शेवटी बाई गोळ्यांची डबी शोधते तेव्हा राक्षसाने एक डोळा उघडावा, डबी सापडली की मिटावा, यावर एकमत झाले. मुखवट्याचा डोळा उघडत नाही, हे कुणीतरी लक्षात आणून दिले. मग डोळ्याऐवजी एक पाय जमिनीवर टेकवायचे ठरले.

उठण्यापूर्वी अध्यक्षांनी आपली अट सांगितली. "पहिले दोन दिवस तुमचा शेवट. लोक निघून गेले, तर तिसऱ्या दिवसापासून माझा. जुनं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलंय."

"चालेल," ताई म्हणाल्या. त्या जिना उतरताना मात्र मला म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी जुनं लागलं, तर कडेवर पोर घेऊन कुणीतरी उभं असेलच की तिथं."

बाईच्या कामासाठी मंडळाने नाटकात काम करणारी एक महाविद्यालयीन मुलगी ठरवली होती. तिने तालमीत थरथरत्या हातांनी गोळी तोंडाकडे नेली, डोळे मिटले आणि भिंतीला टेकली. ताई खुर्चीतून उठल्या.

"अगं, विष नाही ते. मी एका हातानं पोळी उलटते आणि दुसऱ्या हातानं गोळी घेते. बघ." त्यांनी करून दाखवले. मुलीने दोनदा प्रयत्न केला आणि मग प्रामाणिकपणे म्हणाली, "मावशी, मला पोळ्याच येत नाहीत." काम ताईंनीच करायचे ठरले. आवाजही त्यांचाच घेतला. मुलगी पडदा ओढायला राहिली.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता पहिला खेळ लागला. मी डाव्या बाजूला भिंतीशी उभा होतो. बाई पोळ्या करते, डबी शोधते, राक्षस एक पाय टेकवतो, डबी सापडते, तो पाय वर घेतो. लेकीची वेणी, डबा, दाराला कडी. बाई कामाला जाते. राक्षस स्टुलावर बसलेला. दिवा मंद होतो. ध्वनिमुद्रण संपले.

एकही माणूस हलला नाही.

स्वयंसेवकांनी शिट्ट्या मारल्या. मागून दुसरी गर्दी येऊन पहिलीला भिडली. गल्ली तुंबली. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी काठी राक्षसाकडे रोखली.

"हा उठणार केव्हा?"

"उठत नाही, आजोबा. संपलं," स्वयंसेवक म्हणाला.

"उठत नाही, तर ठेवलाय कशाला?"

त्या संध्याकाळी सगळ्याच खेळांना असेच झाले. शेजारच्या मंडळाने तक्रार केली की तुमचे लोक आमच्या दारात साचतात. अध्यक्षांनी मुखवटा काढून घाम पुसला.

"लोक गेले नाहीत, हे कबूल," ते म्हणाले. "पण ते शेवटाची वाट बघत होते. शेवट झाला हे त्यांना कळलंच नाही. उद्याही असंच झालं तर मला गल्ली मोकळी करावी लागेल, आणि ती कशी होते मला माहितीये." त्यांनी खिशावर हात ठेवला. पेनड्राइव्ह तिथे होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या खेळानंतर गर्दी पुन्हा खिळली. तेव्हा संहितेत नसलेली एक गोष्ट घडली. डबा हातात धरूनच ताई पडद्यामागून परत पुढे आल्या आणि ध्वनिमुद्रणाशिवाय, रोजच्या आवाजात बोलल्या.

"संपलं. बाई कामाला गेली. तो बसलाय, तो बसूनच राहणार. पुढं चला, मागं लोक खोळंबलेत."

लोक हसले. पहिल्या दोन रांगा सरकू लागल्या. एका माणसाने जाता जाता विचारले, "मॅडम, कोणत्या नाटक कंपनीत असता?"

"नाटकातली नाही मी. माझाही असाच बसलाय. वीस वर्षं झाली."

तो थांबला. त्याच्या मागचे थांबले. त्याने त्यांच्याकडे, मग राक्षसाकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे पाहिले. "वाटत नाही हो," तो म्हणाला.

"डबा बघा, चार पोळ्या आहेत. आजारी माणूस एवढं खातो का?"

मग प्रश्न येऊ लागले. रोज गोळी, एवढेच? एवढेच, पण रोज. किती दिवस? जन्मभर. एकत्र जेवलेले चालते का? या की जेवायला. लग्न करता येते का? येते, जोडीदाराला सांगून आणि डॉक्टरांना विचारून. एका तरुण बाईने बराच वेळ राक्षसाकडे पाहिले आणि मग हळू आवाजात तपासणी कुठे होते ते विचारले. ताई मांडवाच्या कडेला आल्या आणि तिच्याशी तेवढ्याच हळू बोलल्या. सरकारी दवाखान्यात, मोफत, आणि नाव बाहेर जात नाही, एवढे मला ऐकू आले. ती गेली तेव्हा तिच्या हातात संस्थेचा कागद होता.

त्या दिवशी प्रत्येक खेळानंतर हे झाले. आठ मिनिटांचा देखावा सोळा मिनिटांवर गेला. डॉक्टर शेवटच्या खेळाला येऊन एका बाजूला उभे होते; ताई अडल्या असत्या तर मदतीला म्हणून. त्या अडल्या नाहीत. निघताना डॉक्टरांनी एकच दुरुस्ती सांगितली, गोळ्यांच्या वेळेबद्दल. ताईंनी ती हातावर लिहून घेतली.

अध्यक्षांनी मुखवटा पिशवीत घातला आणि पाठीवर हात दाबून दुकानाचे कुलूप पाहिले. शेवटाचे काय, असे मी विचारले. "उद्या बघू," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ताई साडेपाचलाच आल्या होत्या. त्यांनी पोळपाट-लाटणे मांडले, डबी जागेवर ठेवली, मग पुन्हा उचलून दुसरीकडे ठेवली. पाऊण तास त्या एका जागी बसल्या नाहीत. अध्यक्षांचा पत्ता नव्हता. ध्वनिक्षेपकाजवळचा कार्यकर्ताही त्यांचीच वाट पाहत होता. आज कोणते रेकॉर्डिंग लावायचे, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

सव्वासहाला गल्लीच्या तोंडाशी हातगाडी दिसली. गाडीवर अध्यक्षांच्या घरची हात असलेली वेताची खुर्ची होती, तिच्यावर दोन उशा, आणि गाडीच्या मागे स्वतः अध्यक्ष, राक्षसाची पिशवी खांद्याला लावून. त्यांनी खुर्ची मांडवात चढवली, स्टूल बाजूला सारले आणि बसून पाहिले. एक उशी पाठीला घेतली, एक काढून बाजूला ठेवली.

"स्टुलाला पाठ नाही," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "अजून आठ दिवस असं बसायचं म्हणजे कंबर जायची माझी."

ताईंनी पिठाचे हात पदराला पुसले.

"आठ दिवस काय, अध्यक्ष," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आता जन्मभर बसायचंय. दुसरीही उशी घ्या."