भुरी, कोंबडा आणि अर्धी भाकर

साखरशेतच्या रामीला कुत्री सांभाळता येत नाही असं कुणी म्हटलं, की ती भांडायला उभी राहते. तिच्याशी भांडायचं म्हणजे अख्खी सकाळ वाया. मी घालवल्यात अशा सकाळी, शेजारीच राहतो ना.

तिची कुत्री भुरी मूळची सूर्यमाळची. भुरीच्या आजीपणजीने रानात सशामागे धावण्यात जन्म काढला. मुलगा मुकेश भिवंडीला कामाला गेला, तेव्हा आईला सोबत म्हणून हे पिल्लू ठेवून गेला. सोबत झाली खरी. रामी दिवसभर तिच्याशी बोलायची, आणि नाचणीत डुकरं फिरकायची बंद झाली. पण कोंबडी फडफडली, की भुरीच्या कानात वारं भरायचं. मग ती रामीच्या हाकेलाही जुमानायची नाही आणि काठीलाही नाही.

पावसाळ्यात भुरीने समोरच्या देवरामची कोंबडी मारली. आमच्याकडे यावर जुना उपाय आहे. मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधायची, म्हणजे त्याला तिचा वीट येतो. देवरामने सांगितलं, रामीने मुकाट्याने बांधली. भुरी ती कोंबडी नव्या दागिन्यासारखी पाडाभर मिरवत राहिली. आम्ही पोट धरून हसलो. देवराम हसला नाही.

"रामीबाय, आनखी एक कोंबडी गेली ना, तर हिला टेम्पोत घालून घाटाखाली सोडून येईन. मंग रडू नको."

देवराम बोलला म्हणजे करणार. त्या दिवशी रामी जेवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःचं डोकं चालवलं. आपली एक कोंबडी डालग्याखाली झाकली, भुरीला दोरी लावून लांब बसवलं आणि पदरात भाकर घेतली. कोंबडीकडे टक लावली, तर काही नाही. नजर रामीकडे वळली, की तुकडा. डालगं हळूहळू जवळ आलं, पुढे उचललंही गेलं, दोरी मात्र राहिली. शेतात ती दोरी रामी कमरेला बांधायची. एकदा ससा उठला आणि भुरीने मालकिणीला चिखलातून फरफटत नेलं. रामी शिव्या देत उठली, पण दोरी सोडली नाही.

मी म्हणालो, "रामी, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही."

"खोड राहू दे. माझं ऐकलं तरी पुरं."

मग वाघबारस आली. गुरांना सांभाळ, म्हणून दिवाळीच्या तोंडावर आम्ही वाघदेवाला कोंबडा देतो. देवरामने त्यासाठी लाल तुऱ्याचा कोंबडा वर्षभर जपला होता. आम्ही देवापाशी जमलो आणि देवरामच्याच हातून तो निसटला. सगळे ओरडत मागे धावले. त्या गोंधळात भुरीने हिसका दिला आणि दोरी तुटली.

तिने आम्हा सगळ्यांना मागे टाकलं. कोंबडा बांधाला अडला, फडफडला. संपलं, असं मला वाटलं. टेम्पोच डोळ्यांपुढे आला.

"भुरे! इकडं बघ!" रामी मागून ओरडली.

भुरी कोंबड्यापासून वीतभर अंतरावर घसरत थांबली. अंग थरथरत होतं, पण मान वळली. तेवढ्यात देवरामने झडप घालून कोंबडा धरला. या सुटकेचा कोंबड्याला फारसा फायदा झाला नाही, ते सोडा.

रामी तिथेच गवतात बसली. भाकर घरी राहिली होती.

"आता हिला काय देऊ?" म्हणत ती रडायला लागली, आणि रडता रडता हसायलाही लागली.

देवरामने कोंबडा काखेत धरला, आपल्या शिदोरीतली अर्धी भाकर काढली आणि भुरीपुढे केली. कोंबडा तिच्या नाकासमोरच होता. भुरी त्याच्याकडे बघेना, भाकरीकडेही बघेना. ती रामीकडे बघत होती.

"घे गं," रामी म्हणाली.

भुरीने भाकर अलगद घेतली. देवरामने तिची तुटकी दोरी हातात घेऊन चाचपली.

"रामीबाय, ही कुजलीय. माझ्याकडं नवी आहे, संध्याकाळी येऊन ने."